इंजेऱ्याला डोळे का पडत नाहीत, आणि शुक्रवारी कोंबडी का नको

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या ऑफिसमधला इथिओपियाचा एक मुलगा पुढच्या शुक्रवारी रात्री जेवायला येतोय, त्याला घरचं वाटावं म्हणून इंजेरा (तिथलं आंबवलेल्या पिठाचं जाळीदार धिरडं) आणि डोरो वोट (कोंबडीचा तिखट रस्सा) करायचं ठरवलंत, ऑनलाइन मागवलेल्या तेफ या तिथल्या धान्याच्या पिठाचा दोनदा प्रयत्न केलात आणि दोन्ही वेळा वर जाळीचे डोळे न पडता गुळगुळीत, मधे चिकट असं धिरडं झालं. मग विचारलंय की यीस्ट वाढवू का इनो घालू, तेफ कमी पडलं तर नाचणी चालेल का, आणि शेवटी जाता जाता, 'ते एकमेकांना भरवतात म्हणे, तेव्हा आपण काय करायचं?'

आधी मी कोण ते सांगते म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. आम्ही नऊ वर्षं अदिस अबाबात होतो. २००० नंतर तिथे भराभर युनिव्हर्सिट्या निघाल्या तेव्हा आपल्याकडून बरेच प्राध्यापक शिकवायला गेले, त्यातले एक आमचे हे. परत आल्यापासून पुण्यातल्या इथिओपियन विद्यार्थ्यांना शनिवार-रविवारी ऑर्डरप्रमाणे इंजेरा करून देते. म्हणजे बिघडवून बिघडवून शिकलेली बाई आहे, हॉटेल मॅनेजमेंटवाली नाही.

आता माझ्या मते तुमचा खरा प्रॉब्लेम यीस्टचा नाहीच. दोन गोष्टी चुकतायत. एक म्हणजे तुम्ही लिहिलेल्या कृतीत अब्सीत कुठेच नाही. आणि दुसरी म्हणजे वार. वाराचं नंतर सांगते, आधी पीठ.

आपण डोसा-आंबोळीच्या हिशोबाने विचार करतो, पीठ भिजवलं, आंबलं, फुगलं, घातलं तव्यावर. इंजेऱ्यात तसं नाही. तेफमध्ये गव्हासारखं ग्लुटेन नाही, आंबल्यावर हवा भरपूर तयार होते पण ती धरून ठेवायला पिठात काही नसतं, तव्यावर पडेपर्यंत निघून जाते. म्हणून त्या बायका काय करतात, आंबलेल्या पिठातलं थोडं, साधारण दहावा हिस्सा, बाजूला काढतात, त्यात तिप्पट पाणी घालून गॅसवर सतत ढवळत शिजवतात, दोन-तीन मिनिटांत खळीसारखं चकचकीत घट्ट होतं. तेच अब्सीत. ते कोमट झालं की परत मूळ पिठात. तुम्ही तांदळाच्या भाकरीला उकड काढत असाल तर हे सांगायचीही गरज नाही, तांदळाचं कोरडं पीठ नुसतं मळून थापलं तर भाकरी चिरते, उकडीची चिरत नाही. तेच तत्त्व, फक्त इथे भाकरी थापायची नसून हवा पकडायचीय. अब्सीत मिसळल्यावर पीठ परत अर्धा तास ते दोन तास ठेवायचं, वर बारीक बुडबुडे येऊन थोडं चढलं की लगेच घालायला घ्यायचं. बसू दिलंत तर गेलं.

आमच्या घरमालकीणबाई, त्यांना सगळी गल्ली एमामा म्हणायची, वयस्कर बाईला आदराने तसंच म्हणतात, त्यांनी मला पहिले दोन महिने पिठाला हातच लावू दिला नाही. नुसतं बघ म्हणायच्या. इंजेऱ्यावरच्या जाळीला तिथे 'आय्न' म्हणजे डोळे म्हणतात, आणि त्या प्रत्येक इंजेरा उजेडाकडे धरून बघायच्या. डोळे मोठे नि विरळ पडले तर पीठ पातळ, बारीक नि दाट पडले तर छान, एका बाजूला आहेत नि दुसऱ्या बाजूला नाहीत तर चूल वाकडी पेटलीय, आणि अजिबातच नाहीत तर अब्सीत कच्चं नाहीतर तवा थंड. आपल्याकडे अनारशाची जाळी बघून बाई गूळ जास्त झाला की कमी ते सांगते ना, अगदी तसं.

यीस्टबद्दल. घालू नका असं मी म्हणणार नाही, अमेरिकेतले कितीतरी इथिओपियन लोक स्वतः घालतात, घाई असते, थंडी असते. पण यीस्टने फक्त फुगतं, आंबट होत नाही, आणि इंजेऱ्याची चव म्हणजे ती आंबट चवच, वोटचं तिखट त्याच्यावरच तर बसतं. खरं विरजण म्हणजे एर्शो. पीठ आंबल्यावर वर पिवळसर पाणी साठतं ते. मागच्या खेपेचं एर्शो बाटलीत ठेवायचं आणि पुढच्या पिठात घालायचं, आपल्या दह्यासारखं. पहिल्यांदा एर्शो नसेल तर नुसतं पीठ नि पाणी ठेवून द्यायचं, एक-दोन दिवस जास्त लागतील पण आपोआप आंबेल. इनो मात्र नको हो, त्याने वर डोळे दिसतात पण खाताना ढोकळा लागतो.

किती दिवस आंबवायचं हे मी इथून सांगू शकत नाही, ते तुमच्या स्वयंपाकघरावर. अदिस समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या वर आहे, बारा महिने स्वेटर, तिथे एमामा तीन दिवस ठेवायच्या. मी पुण्यात एप्रिल-मेमध्ये तीन दिवस ठेवलं तर त्याच्या वासाने शेजारी विचारायला येतात. इथे उन्हाळ्यात दीड दिवस पुरतो, कधी एकच, डिसेंबरात अडीच. पाणी वर सुटलं, वास आंबट पण स्वच्छ आला, ताकासारखा, की झालं. रंग काळपट दिसला तर घाबरू नका, ते वरचं पाणी काढून घ्यायचं असतंच. गुलाबी, केशरी किंवा हिरवी बुरशी दिसली तर मात्र सगळं फेका, वरवरचं काढून वापरू नका.

भिजवताना सुरुवातीलाच पातळ करू नका ही अजून एक चूक सगळे करतात. आधी थोड्या पाण्यात नि एर्शोत पीठ हाताने चांगलं मळायचं, घट्टसर, गुठळी राहता कामा नये, मग वरून पाणी सोडून ठेवून द्यायचं. पातळ करायचं ते अब्सीत घातल्यावर, घावनाच्या पिठापेक्षा किंचित जाड एवढंच.

तव्याचं सांगते. तिथला मिताद म्हणजे मातीची सपाट गोल थाळी, दीड-दोन फुटांची, तिला गोमेन झेर म्हणून एक मोहरीसारखं बी असतं त्याची पूड भुरभुरवून पुसून घेतात, तेल लावत नाहीत. तेल लावलंत की खालची बाजू तळली जाते नि इंजेरा लवचीक राहत नाही. आता शहरात इलेक्ट्रिकचे मिताद झालेत. आपल्याकडे मिताद नाही, मी मोठा नॉनस्टिक वापरते, झाकण उंच हवं. बिडाच्या तव्यावर मला कधी जमलं नाही, कोणाला जमत असेल तर सांगा. पीठ बाहेरून आत गोल गोल धार धरून घालायचं, पळीने पसरायचं नाही. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, झाकण लगेच नाही ठेवायचं. डोळे उघडताना दिसतात, एकामागून एक, ते पूर्ण तव्यावर उघडले की मगच झाकण, दीड-दोन मिनिटं. आधी झाकलंत तर वाफेचं पाणी टपकून डोळे बुजतात, तुमचं ते मधे चिकट होतंय ना त्याचं एक कारण हेही असू शकेल. उलटायचा नाही. कडा सुटून वर आल्या की झाला. काढायला तिथे सेफेद असतं, गवताची विणलेली चपटी चकती, ती खाली सरकवून उचलतात, मी जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा वापरते. गरम गरम एकावर एक रचू नका, आधी कापडावर गार होऊ द्या, नाहीतर सगळे मिळून एकच जाड इंजेरा होतो.

पहिला इंजेरा बिघडणारच, तो तव्याचा.

नाचणीचं विचारलंत. तेफचा दाणा खसखशीपेक्षा बारीक, गव्हाच्या एका दाण्याच्या वजनात दीडशेच्या आसपास बसतात, त्याला दुसऱ्या कशाची हुबेहूब सर येत नाही हे आधीच सांगते. पण शुद्ध तेफ तिथेही सगळ्यांना परवडतं असं नाही. सगळ्यात पांढरं तेफ सगळ्यात महाग, तांबडं स्वस्त, आणि गरीब घरात ज्वारी, मका, बार्ली, आता तांदूळसुद्धा मिसळतात. पूर्वेकडे हरारच्या बाजूला तर ज्वारीचाच इंजेरा खातात. नाचणीला तिथल्या अम्हारिक भाषेत दागुसा म्हणतात, तिचाही करतात. गंमत म्हणजे आपण ज्वारी-बाजरी-नाचणीच्या भाकरीला आपली अगदी मातीतली वगैरे म्हणतो, पण ही तिन्ही धान्यं मुळात आफ्रिकेतली, ज्वारी सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यातली, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगरांतली, बाजरी सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या भागातली, हजारो वर्षांपूर्वी इकडे आली. हे मी एमामांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग तुला इंजेरा यायला एवढा वेळ का लागतोय?

तर माझं प्रमाण, दोन वाट्या तेफ, एक वाटी ज्वारी, मूठभर तांदळाचं पीठ. ज्वारी जास्त झाली की दुसऱ्या दिवशी इंजेरा वाळून तडकतो, त्यामुळे त्याच दिवशी खायचा असेल तरच निम्मं तेफ, निम्मी ज्वारी करा. नाचणी पाव हिस्सा ठीक, त्याहून जास्त घातली तर मला ती चिखलासारखी लागते, पण ही माझी आवड. तेफ महाग का याचं एक कारण असं की इथिओपियाने २००६ साली कच्च्या तेफच्या निर्यातीवर बंदी घातली, देशातले भाव भडकू नयेत म्हणून, २०१५ नंतर ती थोडी सैल केली. मधल्या काळात बाहेरच्या लोकांनी अमेरिकेत, नेदरलँड्समध्ये लावायला सुरुवात केली, आणि एका डच कंपनीने तर तेफच्या पिठावर युरोपात पेटंटच घेतलं होतं. ज्यांनी हजारो वर्षं पिकवलं त्यांना विचारायची पद्धतच नाही. २०१८ च्या शेवटी हेगच्या कोर्टाने ते नेदरलँड्सपुरतं रद्द केलं तेव्हा माझ्या व्हॉट्सअॅपवर अदिसच्या सगळ्या मैत्रिणींचे नुसते नाचणारे इमोजी.

आता वार. हे मला इंजेऱ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

तुमचा पाहुणा ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन असेल तर शुक्रवारी त्याचा उपवास असण्याची दाट शक्यता आहे. बुधवार आणि शुक्रवार, शिवाय ईस्टरच्या आधीचे ५५ दिवस, शिवाय आणखी मोठे उपवास, सामान्य माणसाचेही वर्षाला १८० च्या वर दिवस होतात. आणि त्यांचा उपवास आपल्या बरोबर उलटा. आपल्याला एकादशीला दूध, दही, तूप चालतं आणि डाळ, पोळी, भाकरी चालत नाही. त्यांना धान्य-डाळी-भाज्या सगळं चालतं, पण दूध, तूप, लोणी, अंडं, मांस काहीही नाही, आणि कडक पाळणारे तर दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणजे तुम्ही हौसेने कोंबडी, त्यात उकडलेली अंडी, वर साजूक तूप असं डोरो वोट समोर ठेवणार आणि तो बिचारा पाहुणचार मोडायचा की उपवास या पेचात.

आमच्याकडे एकदा आषाढी एकादशी नेमकी बुधवारी आली. एमामा माझ्यासाठी शिरो घेऊन आल्या, शिरो म्हणजे हरभऱ्याच्या नि वाटाण्याच्या पिठाचं आपलं पिठलंच, त्यांच्या उपवासाचा मुख्य पदार्थ, आणि मी त्यांच्यासाठी खिचडीबरोबर दह्याची वाटी काढून ठेवलेली. दोघी एकमेकींच्या ताटाकडे बघत बसलो. मी पिठलं खाऊ शकत नाही, त्या दही खाऊ शकत नाहीत, खिचडीतही मी तूप घातलेलं. शेवटी भाजलेले शेंगदाणे निघाले, ते दोन्ही देवांना चालत होते. त्यावर काळी कॉफी.

पण हे सगळं 'असेल तर' आहे. इथिओपियात मुसलमानही खूप आहेत, प्रोटेस्टंटही आहेत, आणि ते हे उपवास पाळत नाहीत. ऑर्थोडॉक्स असून न पाळणारेही भेटतील, आणि ईस्टरनंतरचे ५० दिवस तर बुधवार-शुक्रवार पाळतच नाहीत. मांसाचंही तसंच, तिथे ख्रिश्चन आणि मुसलमान एकमेकांनी कापलेलं मांस सहसा खात नाहीत, डुक्कर दोघंही नाही खात. त्यामुळे अंदाज बांधण्यापेक्षा मुलीला सरळ विचारायला सांगा, 'शुक्रवारी त्सोम आहे का?' त्सोम म्हणजे उपवास. हा एक शब्द तिच्या तोंडून ऐकून त्याला इंजेऱ्याएवढाच आनंद होईल.

नाही विचारता आलं तर सरळ उपवासाचं ताट करा, बेयायनेतू म्हणतात, एका मोठ्या इंजेऱ्यावर थोडं थोडं सगळं. ते कोणालाही चालतं आणि मराठी स्वयंपाकघरात सोपंही आहे. शिरो, मसूर डाळीचं तिखट मिसिर वोट, हळद घातलेली पिवळी मटार डाळ, कोबी-गाजर-बटाट्याची भाजी, एखादी पालेभाजी. तेल वापरायचं, तूप नाही. फक्त एक करा, कांदा बारीक चिरून आधी कोरडाच परता, तेलाशिवाय, मंद आचेवर वीस मिनिटं तरी, अगदी लगदा होईपर्यंत, मग तेल, मग बेरबेरे, म्हणजे तिथला तिखट मसाला. वोटचा दाटपणा त्या कांद्याचा असतो, आपल्यासारखं खोबऱ्याचं वाटण नसतं. बेरबेरे मिळालं नाही तर ब्याडगी, मेथीदाणा, ओवा, कलौंजी, आलं-लसूण आणि हिरवी वेलची भाजून दळा. त्यातली मूळ वेलची, कोरारिमा, इथे मिळत नाही, मसाला वेलचीने धुरकट वास येतो म्हणून मी घालत नाही.

भरवण्याचं. त्याला गुर्शा म्हणतात. इंजेऱ्याच्या तुकड्यात वोट गुंडाळून घास करायचा आणि समोरच्याच्या तोंडात द्यायचा. हे प्रेमाने, आदराने करतात, नवरा-बायकोच असं काही नाही, सासू, मित्र, पाहुणा, कोणीही कोणालाही. मोठा घास म्हणजे मोठं प्रेम, त्यामुळे तोंड पूर्ण उघडा, अर्धा चावून परत देऊ नका, नको नको करून मान फिरवलीत तर त्याला लागेल. एकावर थांबत नाहीत, एक गुर्शा भांडण लावतो अशी म्हणच आहे, म्हणून दुसरा येणार हे धरूनच चाला. तुमच्या घरी उष्ट्याचं सोवळं असेल तर आधीच सांगून टाका, हसून सांगितलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही, आणि वेगळ्या वाट्या द्या. पण जमत असेल तर एकाच ताटात जेवा. आपल्या समोरच्या बाजूने खायचं, हात पलीकडे न्यायचा नाही, उजवाच हात, हे काही तुम्हाला शिकवायला नको. मधला भाग, ज्यात सगळ्या वोटचा रस मुरलेला असतो, तो शेवटी, आणि पाहुण्याला आधी.

एक बारीकशी गोष्ट. जेवणाकडे परक्याने टक लावून बघितलं तर दृष्ट लागते, त्याला बुदा म्हणतात, हा समज तिथे जुन्या लोकांत आहे. त्याची काळी बाजूही ऐकली, लोहार नि कुंभार हेच बुदा, रात्री तरस होतात असं म्हणत लोक त्यांना लांब ठेवायचे, म्हणजे ज्यांच्या हातचा मिताद सगळ्या घरात तापतोय त्यांच्याच हातचं पाणी नको. आपल्याला हे ऐकून नवल वाटायचं काही कारण नाही. तुमचा पाहुणा आजचा शहरातला मुलगा आहे, तो यातलं काही मानत असेल असं नाही, पण ताटाचे दहा मिनिटं फोटो काढत बसू नका, इंजेरा गारही होतो.

जेवणानंतर कॉफी करणार असाल तर वेळ हातात ठेवा. तिथे बिया समोर भाजतात, धूर पाहुण्याच्या नाकापर्यंत नेतात, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात, तीन फेऱ्या, अबोल, तोना, बेरेका, आणि पहिल्या कपावर उठून जाणं बरं दिसत नाही. सोबत पॉपकॉर्न, ऊद. ह्याच वेळी एमामा नातवंडांना गोष्टी सांगायच्या. त्या म्हणायच्या 'तेरेत तेरेत', पोरं ओरडायची 'ये लाम बेरेत', म्हणजे गाईचा गोठा, अर्थ काही नाही, नुसतं यमक, आपल्या आटपाट नगरासारखी सुरुवात. आणि शेवटी 'साठा उत्तराची कहाणी' सारखं त्यांचंही ठरलेलं असतं, माझी गोष्ट परत करा आणि माझं तोंड पावाने पुसा. मग पोरं खरंच पावाचा तुकडा त्यांच्या तोंडात कोंबायची. तुमच्या पाहुण्याला नुसतं 'तेरेत तेरेत' म्हणून बघा, पुढचं त्याचं तो म्हणेल.

तर थोडक्यात वेळापत्रक, सध्याच्या हवेत. एर्शो नाहीये म्हणून सोमवारी रात्रीच थोडं पीठ नि पाणी विरजण म्हणून ठेवा. बुधवारी सकाळी मुख्य पीठ मळून त्यात ते घाला. शुक्रवारी दुपारी वरचं पाणी काढून बाटलीत भरा, अब्सीत करा, कोमट करून मिसळा, चार वाजता घालायला घ्या, सहापर्यंत दहा-बारा होतील. मंगळवारी मुलीकडून त्सोमचं उत्तर आलं की वोट ठरवा. आणि भांडं पिठाच्या दुप्पट घ्या, खाली परात ठेवा. माझं पहिलं पीठ मे महिन्यात रात्रीत ओट्यावरून उतरून फ्रिजखाली गेलं होतं, आणि फ्रिज हलवायला दिवाळीपर्यंत कोणाला वेळ झाला नाही.